रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लक्झेंबर्ग

‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ या चित्रपटात मुंबई दिसायच्या आधी नावं दिसतात. फ्रान्सची कंपनी, भारतातली कंपनी, नेदरलँड्सची, लक्झेंबर्गची, इटलीची. मग टीव्ही वाहिनी, मग निधी देणाऱ्या संस्था. असल्या सिनेमाला एकेक बोधचिन्ह शांतपणे येतं, थांबतं, जातं आणि शेजारच्या खुर्चीतून हमखास कुजबुज ऐकू येते, ‘अजून किती?’

कुजबुज रास्त आहे. पायल कपाडियांची ही गोष्ट मुंबईतल्या एका रुग्णालयातल्या दोन मल्याळी नर्सची आणि तिथेच स्वयंपाक करणाऱ्या पार्वतीची. छाया कदमांनी उभी केलेली ही पार्वती चाळीतल्या घरात वर्षानुवर्षं राहिलेली. पण नवरा गेल्यावर घर आपलं असल्याचा एकही कागद तिच्या हाती नाही, आणि बिल्डर दारात उभा. शेवटी ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते आणि त्या दोघी तिला सोडायला जातात. पात्रं मल्याळम, हिंदी, मराठी बोलतात. यात सोलापूर शहरापेक्षाही कमी वस्तीच्या लक्झेंबर्गचं काय काम?

उत्तर पैशाच्या वाटेत आहे. मोठ्या स्टुडिओचा सिनेमा एका मालकाच्या पैशावर उभा राहतो आणि त्याच्या तालावर चालतो. छोटा, आपल्या मनासारखा काढलेला सिनेमा दहा जणांच्या थोड्या थोड्या पैशावर उभा राहतो, आणि म्हणून त्याला दहा जणांच्या थोड्या थोड्या अटी पाळाव्या लागतात. त्याचा संथपणा, अनोळखी चेहरे, आपल्या गावात पोचायला होणारा उशीर, यातलं बरंचसं या एका गोष्टीतून निघतं. दिग्दर्शकाची प्रतिभा वगैरे आहेच, पण ती सगळे सांगतात. हिशेब फारसं कोणी सांगत नाही.

पहिली पावती कोणाची?

तारांकित चित्रपटाचं गणित सोपं असतं. नायकाचं नाव जाहीर झालं की ओटीटीचे, उपग्रह वाहिनीचे, गाण्यांचे हक्क चित्रीकरणाआधीच विकता येतात. कॅमेरा सुरू व्हायच्या आत निम्मा खर्च सुटलेला. ज्या सिनेमात गाणी नाहीत, ओळखीचा चेहरा नाही, गोष्ट दोन ओळींत सांगितली तर समोरचा जांभई देईल, त्याच्याकडे आगाऊ विकायला काहीच नसतं.

मग तो दिग्दर्शक तेच करतो जे गणपतीच्या वर्गणीला निघालेली पोरं करतात. कोऱ्या पावतीपुस्तकावर कोणी पैसे देत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आधी गल्लीतल्या डॉक्टरांची पावती फाडायची आणि ती दाखवत बाकीच्या दारांत जायचं. डॉक्टरांनी किती दिले याला महत्त्व नाही, दिले याला आहे.

सिनेमाच्या जगात असे काही ‘डॉक्टर’ आहेत. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाचा ह्यूबर्ट बाल्स निधी त्यांतला एक. महोत्सवाच्या संस्थापकाच्या नावाने १९८८ साली तो सुरू झाला. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका अशा भागांतल्या दिग्दर्शकांना तो पटकथेवर काम करण्यासाठी काही हजार युरो देतो. तेवढ्यात सिनेमा होत नाही. वर्षभर दुसरी नोकरी न करता लिहीत बसता येतं, एवढंच. पण या निधीचं नाव अर्जावर आलं की पुढचं दार उघडतं. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला पटकथेच्या टप्प्यावर हा निधी मिळाला होता. पुढे हा सिनेमा उभा केला तो त्यात बचावपक्षाच्या वकिलाची भूमिका करणाऱ्या विवेक गोम्बर यांनी, निर्माता होऊन.

मोठी रक्कम सहसा येते फ्रान्समधून, आणि तिचा झरा मजेशीर आहे. तिथल्या चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तिकिटावर सुमारे पावणेअकरा टक्के आकार लागतो आणि तो पैसा राष्ट्रीय सिनेमा केंद्राकडे जातो. हे केंद्र १९४६ पासून आहे. म्हणजे पॅरिसमध्ये हॉलिवुडचा महासिनेमा पाहायला गेलेला माणूस, नकळत, कुठल्यातरी छोट्या सिनेमाला हातभार लावत असतो. शिवाय टीव्ही वाहिन्यांनी आपल्या उत्पन्नाचा काही भाग सिनेमात घातलाच पाहिजे असा तिथला कायदा आहे. आपल्याकडेही करमणूक कर वर्षानुवर्षं होता. तो सरकारी तिजोरीत जायचा आणि तिथून सिनेमाच्या वाटेला किती परत यायचा, याबद्दल न बोललेलं बरं.

आता अट. बहुतेक युरोपीय निधींचं म्हणणं असं: आमच्या देशातला एक निर्माता सोबत घ्या आणि आमच्या पैशातला ठरावीक वाटा आमच्याच देशात खर्च करा. चित्रीकरण तर कोकणात व्हायचंय. मग तिकडे न्यायचं काय? तर चित्रीकरणानंतरची कामं: ध्वनिमिश्रण, रंगसंस्करण, कधी संगीत, कधी संकलन. म्हणून अशा सिनेमाच्या शेवटच्या पाट्या वाचल्या तर कॅमेऱ्यासमोरची माणसं आपल्याकडची आणि आवाजाची जुळणी करणारी तिकडची असं दिसतं.

आणखी एक गंमत, जी दिग्दर्शकाला अजिबात गंमत वाटत नाही. प्रत्येक निधीचं पत्र ‘बाकीचे पैसे जमले तर आमचे देऊ’ अशा धाटणीचं असतं. बाकीच्यांचंही तेच म्हणणं. सगळ्यांची पत्रं एका वेळी हातात यावी लागतात, आणि तोवर पहिल्याची मुदत संपत आलेली असते. चार-पाच वर्षं यातच जातात.

याच्या दुसऱ्या टोकाचं उदाहरण आपल्याच शेजारचं. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ला, १९७६ साली, गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिले. सिनेमा त्यांच्याच सहकारी चळवळीवर होता. ५ लाख निर्मात्यांपैकी एकानेही संहितेत बदल सुचवला नसावा. हा प्रकार फार थोड्यांच्या नशिबी येतो.

चौकट : पाट्या वाचताना

*निर्माता :* पैसा जमवणारा आणि शेवटपर्यंत जबाबदारी वाहणारा. अशा सिनेमात बहुधा दिग्दर्शकाचा मित्र किंवा तोच स्वतः.

*सहनिर्माता :* दुसऱ्या देशातला भागीदार. आपल्या देशाच्या निधीचं दार उघडणं हे त्याचं मुख्य काम.

*कार्यकारी निर्माता :* कधी पैसे घालणारा, कधी नुसतं आपल्या नावाचं वजन देणारा. ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’मध्ये इथे मेक्सिकोचे दिग्दर्शक अल्फॉन्सो क्वारोन यांचं नाव आहे.

*सेल्स एजंट :* तयार सिनेमाचे हक्क देशोदेशी विकणारा दलाल. तो काही वेळा पुढच्या विक्रीवर आगाऊ रक्कमही देतो.

*दोन डहाळ्यांची कमान :* सिनेमा आत नाव असलेल्या महोत्सवात दाखवला गेला, इतकाच तिचा अर्थ. आत ‘विजेता’ लिहिलं असेल तरच पुरस्कार.

पण मग हा सिनेमा कोणाचा?

‘ऑल वुई इमॅजिन’ला मे २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाली. तीस वर्षांनी एखादा भारतीय सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत पोचला होता. ऑस्करसाठी मात्र भारताने ‘लापता लेडीज’ पाठवला. निवड समितीला हा सिनेमा भारतात घडणारा युरोपीय सिनेमा वाटला, असं फिल्म फेडरेशनच्या अध्यक्षांनी तेव्हा सांगितलं होतं. तिकडे फ्रान्सने आपल्या संभाव्य यादीत तो घेतला, पण शेवटी दुसराच निवडला. दोन देशांच्या मधल्या फटीत सिनेमा पडला तो असा.

उलटही होतं. संध्या सुरी यांचा ‘संतोष’ हिंदीत आहे, गोष्ट उत्तर भारतातल्या एका महिला पोलिसाची, पण ऑस्करला तो ब्रिटनतर्फे गेला. भारतात सेन्सॉरने त्याला अडवलं. जाफर पनाही यांचा फारसी बोलणारा, इराणमध्ये चोरून चित्रित केलेला ‘इट वॉज जस्ट ॲन ॲक्सिडेंट’ २०२५ मध्ये फ्रान्सतर्फे गेला. आणि भूतानच्या ‘लुनाना’ची तऱ्हा आणखी निराळी. पहिल्या वर्षी तो बाद झाला, कारण ऑस्करला सिनेमा पाठवणारी मान्यताप्राप्त समितीच भूतानकडे नव्हती. पुढच्या वर्षी रीतसर समिती झाली, तोच सिनेमा पुन्हा पाठवला आणि २०२२ मध्ये त्याला नामांकन मिळालं.

आपल्या निवड समितीचं ‘युरोपीय सिनेमा’ हे वाक्य मला पटत नाही, पण ते अगदीच हवेतलंही नाही. दहा परदेशी वाचकांनी पटकथा वाचून मगच पैसे दिले असतील, तर त्यांना कळेल असं लिहायचा मोह लेखकाला होतोच. काही सिनेमांत तो दिसतो: दारिद्र्य जरा जास्त देखणं, शांतता जरा जास्त लांब. कपाडियांच्या सिनेमात मला तो दिसला नाही. मुंबईच्या पावसाळी रात्रीतला लोकलचा तो निळसर उजेड परदेशातून अर्ज भरून मिळणारा नाही.

दाखवायचं तरी काय?

पैसे मागताना कागद पुरत नाहीत. समोरच्याला काहीतरी हलतं-बोलतं दाखवावं लागतं. आता यासाठी बाजार भरतात. गोव्यात राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा फिल्म बझार २००७ पासून इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या जोडीने भरतो. तिथे दिग्दर्शक दोन-तीन मिनिटांचा तुकडा दाखवतो आणि टेबलापलीकडचा निर्माता घड्याळाकडे बघत ऐकतो. ‘द लंचबॉक्स’ याच बाजाराच्या वाटेने पुढे गेला.

ही युक्ती नवी नाही. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले, पण चित्रपटासाठी भांडवल देणार कोण? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा एका जागी ठेवून, थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्रचौकट टिपत, महिनाभर त्याचं वाढणं चित्रित केलं. पडद्यावर महिना मिनिटभरात आटपला. बी फुटलं, अंकुर वर आला, वेल चढला. ‘अंकुराची वाढ’ पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे पैसे द्यायला तयार झाले. पुढचा ‘राजा हरिश्चंद्र’ सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मते मात्र भारतीय सिनेमातली पहिली खरी चलाखी त्या कुंडीत झाली: महाग गोष्ट दाखवायला पैसा नाही ना, मग स्वस्तातली अशी गोष्ट दाखवा जी समोरच्याने जन्मात पाहिलेली नाही.

कमी पैशाचं रूप

आता पडद्यावर येऊ. कॅमेरा इतका वेळ हलत का नाही? ओळखीचे नट का नाहीत?

फिल्मच्या जमान्यात ३५ मिलिमीटरचा हजार फुटांचा एक रोल जेमतेम ११ मिनिटं चालायचा. कॅमेरा सुरू झाला की पैसे जळत. डिजिटल कॅमेऱ्याने हा खर्च जवळजवळ शून्यावर आणला आणि वेळ स्वस्त झाला. चीनचे वांग बिंग एक छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन शेनयांग शहरातल्या बंद पडत चाललेल्या कारखान्यांच्या तिएशी भागात शिरले आणि ‘वेस्ट ऑफ द ट्रॅक्स’ हा नऊ तासांहून लांब माहितीपट घेऊन बाहेर आले. फिल्मवर हे परवडलंच नसतं.

माणसं आणि सामान मात्र अजूनही महाग आहे. एका दृश्यात चार वेळा कोन बदलायचा तर चार वेळा दिवे हलवायचे, आणि दिवसाला हातात दोनच दृश्यं पडणार. कॅमेरा एका जागी ठेवून नटांना त्यासमोर वावरू दिलं की तो वेळ तालमीला वापरता येतो. ‘कोर्ट’मध्ये न्यायालयातली दृश्यं अशी लांबून, एका नजरेने दिसतात. पंखे, फायली, पुढच्या तारखेची वाट बघणारी माणसं सगळी एका चौकटीत. न्यायालयाचा कंटाळा त्यामुळेच अंगावर येतो. शाहीर नारायण कांबळेंच्या भूमिकेत चळवळीतले कार्यकर्ते वीरा साथीदार आहेत. नट म्हणून ते कोणाला ठाऊक नव्हते, म्हणूनच ते शाहीर वाटतात. अडचण आणि शैली यांतली सीमारेषा इथे पुसट होते, आणि चांगला दिग्दर्शक ती पुसटच ठेवतो.

‘लुनाना’त तर विजेचाच प्रश्न. पावो चोयनिंग दोर्जी यांनी ज्या हिमालयी वस्तीत चित्रीकरण केलं तिथे तेव्हा रस्ता नव्हता, वीज नव्हती. सामान खेचरांवरून चढवलं आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या सौरऊर्जेवर भरल्या. ढग आले की काम संपलं. वर्गातली मुलं तिथलीच. वर्गप्रमुख झालेल्या पेम झामने त्याआधी सिनेमा नावाची गोष्ट पाहिलेली नव्हती. कॅमेऱ्याला घाबरायचं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि ते पडद्यावर लख्ख दिसतं.

शॉन बेकर यांनी २०१५ चा ‘टँजरीन’ तीन आयफोनांवर काढला. लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर मोठा कॅमेरा लावला की गर्दी जमते, परवाने लागतात. फोन धरलेल्या माणसाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण अशा बातम्या वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘अमुक सिनेमा इतक्या डॉलरमध्ये झाला’ हा आकडा बहुधा फक्त चित्रीकरणाचा असतो. रॉबर्ट रॉड्रिगेझ यांचा ‘एल मारियाची’ सुमारे ७,००० डॉलरमध्ये झाला म्हणून जगप्रसिद्ध आहे, आणि त्यातले काही पैसे त्यांनी औषधचाचणीत स्वतःचं शरीर भाड्याने देऊन मिळवले होते. मात्र चित्रपटगृहात लोकांनी पाहिला तो सिनेमा कोलंबिया कंपनीने विकत घेऊन, ध्वनी आणि प्रतींवर त्याच्या कित्येक पट खर्च करून पाठवलेला होता.

लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोदिस यांनी खर्च निराळ्याच जागी वाचवला. त्यांचा ‘फ्लो’ हा ॲनिमेशनपट ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर झाला. पुरात सापडलेली मांजर आणि तिच्या सोबतचे प्राणी. संवाद एकही नाही. त्यामुळे डबिंग नको, उपशीर्षकं नकोत, कुठल्याही देशात सिनेमा जसाच्या तसा लागतो. २०२५ मध्ये बलाढ्य स्टुडिओंना मागे टाकून त्याला ऑस्कर मिळालं.

चारशे तासांतला दीड तास

माहितीपटाची गोष्ट वेगळी, कारण तिथे पटकथा चित्रीकरणानंतर लिहिली जाते. ‘हनीलँड’ हे त्याचं उत्तम उदाहरण.

तमारा कोटेव्स्का आणि ल्युबोमीर स्टेफानोव हे दोघे उत्तर मॅसिडोनियातल्या एका निसर्गसंवर्धन प्रकल्पासाठी छोटी माहितीफीत करायला गेले होते. तिथे त्यांना कपारीत मधमाशा पाळणारी हातिजे मुरातोवा भेटली. ओसाड पडलेलं बेकिर्लिया गाव, घरात वीज नाही, अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई. छोटी फीत बाजूला राहिली आणि हा चमू तीन वर्षं तिथे तंबू ठोकून येत-जात राहिला.

मध काढताना हातिजेचा नियम साधा: अर्धा आपला, अर्धा माशांचा. मग शेजारी एक भटकं कुटुंब येतं. गुरं, पोरं, गोंगाट. कुटुंबप्रमुखही मधमाशा पाळू लागतो. व्यापारी जास्त मध मागतो, हा पोळी पुरती रिकामी करतो. आता इथे मधमाशांचं विज्ञान कथानक पुढे नेतं. ज्या पोळ्यात साठा उरला नाही तिथल्या माशा उपाशी मरत नाहीत, त्या शेजारच्या पोळ्यावर दरोडा घालतात. बळी पडतात हातिजेच्या माशा. हावरटपणावर भाषण न देता त्याचा परिणाम समोर मांडला जातो.

घरातली दृश्यं निरखून पाहा. काळोख, एका बाजूला खिडकीचा चौकोन किंवा मेणबत्ती, आणि त्या उजेडात आईचा अर्धाच चेहरा. एखाद्या जुन्या तैलचित्रासारखं हे दिसतं, पण त्यामागे वीज नसणं आहे. मायलेकी बोलतात ती तिथली जुनी तुर्की बोली. चित्रीकरण करणाऱ्यांना ती कळतच नव्हती. त्यामुळे सुरुवातीचं संकलन शब्द न समजता, नुसत्या हावभावांवर झालं. सिनेमा आवाज बंद करून पाहिला तरी समजतो, तो यामुळे.

चारशे तासांहून अधिक चित्रीकरणातून साधारण दीड तासाचा सिनेमा निघाला. म्हणजे पडद्यावरच्या एका मिनिटामागे साडेचार तासांचं चित्रीकरण. कच्च्या आणि पक्क्या मालाच्या या प्रमाणाला शूटिंग रेशो म्हणतात, आणि माहितीपटाचा खरा खर्च तिथेच असतो. कॅमेरा भाड्याने मिळतो. वर्षभर संकलकाचा पगार भरणं अवघड.

उरलेल्या तासांत काय होतं, हे आपल्याला कधीच कळत नाही. ‘माहितीपट म्हणजे खरं’ असं मानणाऱ्यांनी रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा १९२२ चा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ आठवावा. बर्फाच्या घरात उजेड पुरेना म्हणून अर्धं घर उघडं ठेवून चित्रीकरण केलं, आणि बंदूक वापरणाऱ्या लोकांना भाल्याने शिकार करायला लावलं. पैसा होता एका फरच्या व्यापारी कंपनीचा. आजच्या काळात असं सरळ उभं करत नाहीत, पण निवड तर करावीच लागते. उत्तर प्रदेशातल्या ‘खबर लहरिया’च्या दलित महिला पत्रकारांवरचा ‘रायटिंग विथ फायर’ ऑस्कर नामांकनापर्यंत गेला, तेव्हा खुद्द त्या संस्थेनेच निवेदन काढलं की आमच्या कामाचा एकच पैलू दाखवला आहे. दिग्दर्शकांची बाजू अशी की दीड तासात सगळं मावत नाही. दोघांचंही खरं आहे.

वेळ हेच भांडवल असं मानणारा आपल्याकडचा माणूस म्हणजे आनंद पटवर्धन. घाटकोपरच्या रमाबाई नगरात जुलै १९९७ मध्ये पोलिसांनी गोळीबार केला. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांनी तेव्हा सुरू केलेलं चित्रीकरण चौदा वर्षं चाललं आणि २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ आला. न्यायालयातला खटला, बदलत गेलेली नेतेमंडळी, मोठी झालेली पोरं हे सगळं त्यात आहे. कोणत्याही निधीच्या वेळापत्रकात चौदा वर्षं बसत नाहीत.

जिथे पाट्याच नसतात

नावांची गर्दी आपण पाहिली. काही सिनेमांत उलट होतं.

‘द ॲक्ट ऑफ किलिंग’मध्ये जोशुआ ओपनहायमर यांनी इंडोनेशियातल्या १९६५-६६ च्या कत्तलीतल्या मारेकऱ्यांनाच आपली कृत्यं पुन्हा करून दाखवायला सांगितलं, तीही त्यांच्या आवडत्या गुंडपटांच्या, संगीतपटांच्या थाटात. ती माणसं आनंदाने तयार झाली, कारण तिथे ती प्रतिष्ठित होती. शेवटी श्रेयनामावली येते आणि इंडोनेशियन सहकाऱ्यांच्या जागी एकच शब्द पुन्हा पुन्हा वर सरकत राहतो: अनामिक. सहदिग्दर्शकही अनामिक. हा सिनेमा डेन्मार्कच्या निर्मितीसंस्थेने उभा केला, आणि परदेशी पैशाची बाजू घ्यायची तर इथे घ्यावी. असला विषय घरच्या पैशावर होणं शक्य नव्हतं.

पनाहींवर २०१० मध्ये वीस वर्षांची चित्रपटबंदी आली. त्यांनी घरात बसून ‘धिस इज नॉट अ फिल्म’ केला. पुढे ‘टॅक्सी’त ते स्वतः तेहरानमध्ये टॅक्सी चालवतात आणि काचेजवळ बसवलेला कॅमेरा प्रवासी टिपत राहतो. सिनेमा संपतो तेव्हा पाट्या नाहीत. प्रदर्शनयोग्य सिनेमांच्या नामावलीला मंत्रालयाची मंजुरी लागते, म्हणून ही जागा रिकामी, असा मजकूर तेवढा येतो. २०१५ मध्ये त्याला बर्लिन महोत्सवाचा सुवर्ण अस्वल पुरस्कार मिळाला, आणि तो घ्यायला मंचावर गेली त्यात काम केलेली पनाहींची लहानगी भाची.

पुरस्कार मिळाला, मग आपल्याकडे का लागत नाही?

कारण महोत्सव हे एका अर्थी दुकानाचं दर्शनी कपाट आहे. कान, व्हेनिस, बर्लिनसारख्या मोठ्या महोत्सवांच्या स्पर्धेत साधारणपणे असाच सिनेमा चालतो जो दुसऱ्या कुठल्या बड्या महोत्सवात दिसलेला नाही. पहिला खेळ एकदाच विकता येतो. म्हणून तयार झालेला सिनेमा दिग्दर्शक महिनोन् महिने कुणालाच दाखवत नाही.

तो पहिला खेळ झाला की सेल्स एजंट कामाला लागतो. फ्रान्सचे हक्क एकाला, जपानचे दुसऱ्याला. प्रत्येक देशातला वितरक आपली तारीख ठरवतो, आणि तोवर सिनेमा इतरत्र फुकट दिसणार नाही याची हमी मागतो. भारताची पाळी या रांगेत सहसा पुढे नसते. ‘कोर्ट’ व्हेनिसला सप्टेंबर २०१४ मध्ये दिसला, आपल्याकडे एप्रिल २०१५ मध्ये. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा सनडान्स महोत्सवात गेलेला पहिला मराठी सिनेमा. जानेवारी २०२५ मध्ये तिथे अमेरिकेबाहेरच्या कथापटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळवून तो आपल्या पडद्यांवर आला सप्टेंबरात. सहा ते आठ महिने हे चांगल्या नशिबाचं उदाहरण धरा.

वाईट नशीब म्हणजे ‘नो अदर लँड’. वेस्ट बँकेतल्या मसाफेर यट्टा भागात घरं पाडली जाण्याचं चित्रण दोन पॅलेस्टिनी आणि दोन इस्रायली तरुणांनी मिळून केलं. २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं, तरी अमेरिकेत एकही वितरण कंपनी तो घ्यायला तयार झाली नाही. शेवटी निर्मात्यांनी स्वतःच एकेक चित्रपटगृह गाठून तो लावला. पुरस्काराने किंमत वाढते. धाडस वाढेलच असं नाही.

आपल्याकडे सिनेमा लागला तरी पुढची चाळणी आहेच. मल्टिप्लेक्सला शुक्रवार ते रविवारची तिकीटविक्री दिसते आणि त्यावर सोमवारपासूनचे खेळ ठरतात. नाव नसलेल्या सिनेमाला मिळतो सकाळी दहाचा किंवा दुपारी तीनचा खेळ, म्हणजे ज्यांना तो पाहायचाय ते कामावर असतात तेव्हाचा. ‘चांगलाय म्हणे, पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हणणाऱ्यांसाठी पुढचा आठवडा सहसा येत नाही. जायचं तर पहिल्या शनिवारी जावं.

नाहीतर महोत्सव आहेत. नोव्हेंबरात गोव्यात इफ्फी, जानेवारीत पुण्यात पिफ. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून जगभरचे सिनेमे दाखवतं आहे, आणि तिथलाच मिफ्फ हा १९९० पासूनचा महोत्सव माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांसाठी आहे. तिथे दिग्दर्शक बऱ्याचदा स्वतः हजर असतो. चहाच्या रांगेत गाठून पैसे कुठून आले एवढंच विचारा. आशयाबद्दल विचारलंत तर दोन वाक्यांत आटपेल. यावर मात्र चहा गार होईपर्यंत बोलेल.